स्वभावाने गरीब

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत माणसाच्या स्वभावाला लावले जाणारे शब्द या पुस्तकात एकत्र केले आहेत. त्यातले बरेचसे मराठी मुलखात सगळीकडे चालतात: तापट, तिरसट, तुसडा, हेकट, चेंगट, घुमा, भिडस्त, लाघवी, कोडगा. काही मात्र सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांमध्येच ऐकायला मिळाले. प्रत्येकाविषयी दोन-दोन ओळी लिहून प्रस्तावना पुरी करता आली असती. पण या सगळ्यांत एक शब्द असा आहे की तो नीट उलगडला तर बाकीचे कसे वाचायचे हे आपोआप कळतं. तो इतका रोजचा आहे की कोशात पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. तो शब्द म्हणजे गरीब. इथे मला अभिप्रेत आहे तो खिशाने गरीब असलेला माणूस नव्हे, स्वभावाने गरीब असलेला.

“मुलगा गरीब आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात,” असं कुणी म्हटलं की ऐकणारा त्याच्या बापाची जमीन किती, हे विचारत नाही. बाप गावातला सगळ्यात मोठा बागायतदार असला तरी वाक्य खरंच राहतं. मराठी माणसाचा या दोन अर्थांत सहसा गोंधळ होत नाही. ‘गरीब घरचा’ म्हणजे पैसा, ‘गरीब स्वभावाचा’ म्हणजे वृत्ती, हे तर उघडच आहे. पण नुसतं ‘गरीब’ आलं तरी शेजारचे शब्द वाट दाखवतात. ‘बापडा’, ‘अगदी’, ‘हो’ अशी सोबत मिळाली की बहुधा स्वभावच. नाम करायला जावं तर दोन्ही अर्थ वेगळे होतात. दारिद्र्याची ती गरिबी आणि स्वभावाचा तो गरीबपणा. ‘गरिबीने राहावं’ या सल्ल्यात मात्र ते पुन्हा एकमेकांत मिसळतात: खर्च बेताचा ठेव आणि आवाजही बेताचा ठेव.

या शब्दाचा सगळ्यात स्वच्छ वापर गोठ्यात सापडतो. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत गाय घ्यायला निघालेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यासोबत मी गेलो होतो. गाय एका आजींची. वय, वेत, दूध सगळं सांगून झालं. घेणाऱ्याने दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, पाय उचलून खूर पाहिला. मग मुद्द्याचा प्रश्न आला, “मारकी नाय ना?” आजींनी उत्तर दिलं नाही, नातवाला हाक मारली. चार-पाच वर्षांचं पोर ते. गायीच्या पोटाखालून एका बाजूने शिरलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं, जाता जाता सडाला हातही लावून गेलं. गायीने कान हलवले, मान वळवून पोराचं डोकं हुंगलं आणि पुन्हा पेंढ्यात तोंड घातलं. “लय गरीब हाय,” आजी म्हणाल्या. “धार काढताना पाय बांधाया लागत न्हाय.” पुढे फक्त किमतीची घासाघीस उरली होती, ती चहा येईपर्यंत आटोपली.

त्या परीक्षेत काय सिद्ध झालं? गाय समाधानी आहे की घाबरलेली, तिला ते पोर आवडतं की नाही, हे कुणी पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. तिच्याजवळ पोर सुरक्षित आहे, एवढंच ठरलं. स्वभावाच्या इतर शब्दांपेक्षा गरीब हा शब्द इथे वेगळा पडतो. हळवा माणूस एकटा बसला तरी हळवा असतो. चेंगट माणूस निर्जन बेटावर गेला तरी वस्तू जपून जपून वापरील. गरीब असण्याला मात्र समोर दुसरं कुणीतरी लागतं. ज्याला इजा होऊ शकली असती आणि झाली नाही, असा तो दुसरा. शब्द लावला जातो एकाला आणि माहिती मिळते ती दुसऱ्याच्या सुरक्षिततेची. हा संग्रह करताना मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच, आणि ती मला त्या गोठ्यात कळली.

शब्द आपल्याकडे आला तो लांबचा प्रवास करून. अरबीत गरीब म्हणजे परका, आपलं ठिकाण सोडून आलेला. फारसीच्या वाटेने येता येता त्याला दीन, निर्धन हे अर्थ चिकटले. हिंदी-उर्दूतल्या ‘अजीबोगरीब’मध्ये मूळचा अनोळखीपणा अजून टिकून आहे. परका, मग निर्धन, मग निरुपद्रवी ही साखळी मला मनोमन पटते. नव्या गावात आलेला माणूस आवाज चढवत नाही, वाट देऊन बाजूला उभा राहतो, पंगतीत शेवटी बसतो.

स्पॅनिश भाषेत याच्या अगदी जवळचं विशेषण आहे, ‘मान्सो’. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ हाताची सवय झालेला. ते माणसाला लागतं, गुराला लागतं, संथ वाहणाऱ्या पाण्यालाही लागतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ज्यांना धन्य म्हटलं आहे, ते स्पॅनिश बायबलात ‘मान्सो’ आहेत. मराठी बायबलाने तिथे ‘सौम्य’ हा शब्द घेतला. पण बैलझुंजीच्या रिंगणात उतरवलेला बैल लढायला तयार होईना, तर त्यालाही ‘मान्सो’च म्हणतात आणि तिथे तो शब्द हिणवण्याचा होतो. गोठ्यातल्या माणसाला हवा असलेला गुण तिकीट काढून बसलेल्याला नकोसा. बैल तोच, गुणही तोच. पाहणारा बदलला की किंमत बदलते. आपल्या गरीबचं जे आहे ते तिथेही तसंच आहे, हे पाहून मला फार आनंद झाला. एका मुलखाची लकब म्हणून हा शब्द बाजूला ठेवता येणार नाही, याची त्यामुळे खात्री पटली.

मराठीत गरीबच्या शेजारी बसणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यांच्यातलं अंतर इथली माणसं फार काटेकोरपणे पाळतात. शांत माणसाला लोक थोडे बिचकून असतात. तो एक दिवस बोलेल, असं प्रत्येकाला वाटत असतं. गरिबाला कुणी बिचकत नाही. भोळ्याला फसवलं गेल्याचं कळत नाही. गरिबाला कळतं, तो बोलत नाही. भिडस्ताला नाही म्हणायचं असतं, ते ओठांवर येत नाही. घुम्याचं गप्प राहणं संशयाचं असतं आणि तो संशय गडद झाला की ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण तयारच असते. सगळ्यात महत्त्वाचा शेजारी म्हणजे सोशिक. एखाद्या बाईला सोशिक म्हटलं की तिने काय काय सोसलं असेल, हा विचार मनात येतोच. त्या शब्दात तिचं ओझं दिसतं. गरीब म्हटलं की ओझं दिसेनासं होतं आणि उरतो तो फक्त तिचा निरुपद्रवीपणा. एकच बाई एका घरात सोशिक असते आणि दुसऱ्या घरात गरीब. कुठलं घर माहेरचं, हे सांगायला नको.

खरं तर माहेरही हा शब्द वापरतं, पण वेगळ्या सुरात. “आमची पोर गरीब आहे हो,” असं मुलीची आई म्हणते ती विनवणी असते, सांभाळून घ्या म्हणून. “सून गरीब मिळाली,” असं सासू म्हणते ते प्रशस्तिपत्र असतं आणि बहुतेक वेळा ते सुनेच्या अपरोक्ष दिलेलं असतं. मुंबईला गेलेल्या पिढ्यांनीही हा शब्द सोबत नेला. या दोन तालुक्यांतल्या कितीतरी वाड्या मुंबईच्या पगारावर जगल्या. पुरुष गिरण्यांत, गोदीत, पेढ्यांवर गेले. गावाकडून कामाला माणूस मागवताना ‘गरीब बघून पाठवा’ असा निरोप यायचा. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असे. पगारावरून कटकट न करणारा, उलट उत्तर न देणारा, सुट्टी न मागणारा.

स्वतःविषयी हा शब्द क्वचितच ऐकू येतो आणि आला की तो कुणाच्या तरी पुढ्यात उभं राहून बोललेला असतो. “मी गरीब माणूस, साहेब.” या एका वाक्यात पैसा आणि स्वभाव वेगळे काढता येत नाहीत. माझ्याकडे काही नाही आणि माझ्यापासून तुम्हाला काही धोकाही नाही, अशी दुहेरी ग्वाही त्यात असते. ही भाषा कुठे घडली हे शोधायला लांब जावं लागत नाही. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि कुलाब्यात खोती होती. जमीन कसणाऱ्या कुळाचं बरं-वाईट खोताच्या मर्जीवर अवलंबून असे. जोत, पेंढा, बी-बियाणं, लग्नासाठी उचल, सगळ्यासाठी त्याच्याच दारात उभं राहायचं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. एवढ्या काळात गरिबीने राहण्याचा सल्ला बापाने लेकाला किती वेळा दिला असेल! तो सल्ला भेकडपणातून आलेला नव्हता. पेरायला जमीन हवी असेल तर त्या दारात तेवढंच चालत होतं.

पण यांतल्याच महाड तालुक्याने या शब्दाला दिलेली उत्तरंही तितकीच खणखणीत आहेत. ती सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. तिचा साचा प्रश्नांचा आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्यांना एकामागून एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर मागायचं. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायलाच काहींनी विरोध केला. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत जागेच्या मालकाच्या हरकतीमुळे प्रवेश मिळेना. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पुढे याच मोऱ्यांनी महाडची अस्पृश्यांची परिषद घडवून आणण्यात पुढाकार घेतला.

ती परिषद भरली १९ आणि २० मार्च १९२७ रोजी. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तळ्यावर जाण्याची हिंमत मात्र अस्पृश्यांपैकी कुणाची झाली नव्हती. २० मार्चला परिषदेची माणसं आंबेडकरांच्या मागोमाग रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नंतर ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली. गावातला जमाव परिषदेच्या मंडपावर आणि परतीच्या वाटेवरल्या माणसांवर चालून गेला. जखमी झालेल्यांमध्ये आणि त्यांच्या सोबत्यांमध्ये लष्करात नोकरी केलेले, हाणामारीला न भिणारे कितीतरी पुरुष होते. आंबेडकरांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. हात उगारू नका म्हणून सांगितलं, पोलिसांत तक्रार झाली, हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षाही झाली. तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आता त्या संध्याकाळच्या माणसांना कोणतं विशेषण लावायचं? आजींची परीक्षा लावली तर ती गरीबच ठरतात. त्यांच्याजवळ गावातलं प्रत्येक पोर सुरक्षित होतं. पण त्याच दिवशी, काही तासांपूर्वी, गरीब म्हणवल्या जाणाऱ्या माणसाकडून कुणालाही अपेक्षित नव्हती अशी गोष्ट त्यांनी केली होती. ओंजळीत पाणी घेऊन ती उघड्यावर प्यायली होती. ताकद असून न मारणारा आणि मारायची सोयच नसलेला, दोघांनाही आपली बोली एकाच शब्दात बसवते. संग्रहातले सगळे शब्द पुन्हा पुन्हा चाळले तरी या दोघांना वेगळं करणारं एकशब्दी विशेषण मला मिळालं नाही. ‘थंड डोक्याचा’ जवळ जातो, पण त्यात डोकं येतं, मनगट येत नाही. ‘पोटात ठेवणारा’मध्ये मनगट आहे, पण डूख धरण्याची छटाही आहे. गरीब माणसाने मान वर केली की त्याला लावायचे शब्द मात्र भाषेकडे मुबलक आहेत आणि योगायोगाने ते एकाच अक्षराखाली ओळीने सापडतात: मस्तवाल, माजलेला, मुजोर. गोठ्यातला माज इथेही आहेच. आधी गाय गरीब, मग बैल माजला.

त्याच १९२७ साली २५ डिसेंबरला महाडला पुन्हा भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेला आलेल्या बायकांशी आंबेडकर वेगळं बोलले. लुगडं कसं नेसावं, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, इथपर्यंत. ज्या पेहरावावरून जात लांबूनच ओळखू येई, तो टाका, असं त्याचं सार होतं. या भागात काम करताना मला सतत वाटत आलं की स्वभावाचं विशेषण पुष्कळदा पेहरावावरूनच ठरतं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसलेली बाई बोलण्याआधीच गरीब ठरलेली असायची. तिने लुगडं घोट्यापर्यंत आणलं की समोरच्याला तिचा स्वभाव नव्याने पाहावा लागे. सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला दोन ओळी मिळतात. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने त्यावर बराच वेळ थांबायला हवं.

शब्द आजही त्याच वजनाने वापरला जातो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला आलेल्या पुराने महाड शहर बुडालं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि सुतारवाडीत दरडींनी बळी घेतले. मदतीचं सामान घेऊन आलेल्या बाहेरगावच्या एका भल्या माणसाने मला सांगितलं, “इथली माणसं फार गरीब हो. कुणी रांग मोडत नाही, कुणी ओरडत नाही.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचा हेतू चांगलाच होता. पण जे ओरडत नाहीत त्यांच्यापर्यंत ताडपत्री शेवटी पोचते, हेही त्या आठवड्यात मी पाहत होतो. रांगेतल्या एका बाईला मी विचारलं, तुम्ही का बोलत नाही? दुकानातला चिखल उपसून तिचे हात फुटले होते. ती म्हणाली, “बोलून काय व्हईल? वस्तीचा नंबर आला का देतील.” तिला हिशेब पक्का ठाऊक होता. तिच्या गप्प राहण्याला सोशिक म्हणावं, शहाणं म्हणावं की दमलेलं म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गरीब मात्र मी म्हणणार नाही.

स्वभावाची लक्षणं गोळा करण्याची परंपरा या मुलखाला नवी नाही. महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणं, उत्तमलक्षणं, तमोगुणाची आणि सत्त्वगुणाची लक्षणं समासामागून समासांत येतात आणि शेवटी पढतमूर्खाची वेगळी यादीही येते. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे लपलेलं नाही. श्रोता विचारतो, वक्ता सांगतो आणि वाचणाऱ्याला शब्दाचं वजन करता येतं. रोजच्या बोलण्यातली विशेषणं मात्र बोलणारा गळून पडलेल्या अवस्थेत आपल्यापर्यंत येतात. ‘तो गरीब आहे’ एवढंच उरतं. कुणाच्या मते, हे पुसलं जातं.

म्हणून या संग्रहात प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी दिल्या आहेत: कोण बोललं, कुणाविषयी बोललं आणि त्या दोघांचं नातं काय. नावं कुणाचीही नाहीत. ‘सासू, सुनेविषयी’, ‘कुळाचा नातू, आजोबांविषयी’, ‘शिक्षक, मागच्या बाकावरच्या मुलाविषयी’ अशी नोंद आहे. शब्द जसा ऐकला तसाच लिहिला आहे, छापील रूप शेजारी दिलं आहे. गरीबची नोंद अर्थातच सगळ्यात लांब झाली आणि तिच्यात गुरांसाठीचे वापर वेगळे काढले आहेत, कारण मला ते या शब्दाचे सगळ्यात निर्मळ वापर वाटतात. घाटमाथ्याला लागून असलेल्या वाड्यांमधलं साहित्य भरपूर मिळालं. बाणकोट खाडीकडच्या गावांमधलं फार थोडं हाती आलं, ते या आवृत्तीत घेतलेलं नाही. तिकडच्या वाचकांनी शब्द कळवताना तो कुणी कुणाला लावला, हे आठवणीने लिहावं.